काउंटी क्रिकेटपटूची कारकीर्द कशी लिहावी

इंदुरात क्रिकेटविषयी लिहू पाहणाऱ्याला विषय शोधत फिरावे लागत नाही. होळकर संघ, कर्नल सी. के. नायडू, इथेच जन्मलेले मुश्ताक अली ही नावे आमच्याकडे घराघरांत अशी घेतली जातात की जणू ही माणसे मागच्याच गल्लीत राहत होती. मला मात्र या सगळ्यांपेक्षा एका परक्या नावाने अधिक खिळवून ठेवले. मार्च १९४५ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर होळकर आणि मुंबई यांच्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. होळकरांपुढे ८६७ धावांचे अशक्य लक्ष्य होते. संघ ४९२ धावांत बाद झाला आणि मुंबई ३७४ धावांनी जिंकली. त्या डावात होळकरांकडून २४९ धावा काढून नाबाद राहिलेला डेनिस कॉम्प्टन हा महूच्या छावणीत नेमणुकीवर असलेला इंग्रज सैनिक होता. महू इंदूरहून जेमतेम तेवीस किलोमीटरवर आहे. लहानपणी ही हकीकत ऐकताना मला वाटे, की हा कुणी अचानक गवसलेला गुणी शिपाई असावा. पुढे कळले, की १९३६ मध्ये मिडलसेक्सकडून खेळताना पहिल्याच हंगामात त्याने हजारावर धावा काढल्या होत्या आणि युद्ध सुरू होण्याआधीच तो इंग्लंडच्या कसोटी संघात पोहोचला होता. महूला येण्यापूर्वी त्याच्या मागे एक पूर्ण, पगारी, रोजच्या कष्टांची नोकरी होती. ती नोकरी म्हणजे काउंटी क्रिकेट : इंग्लंडमधल्या काउंट्यांच्या, म्हणजे परगण्यांच्या, संघांमधले आपसांतले क्रिकेट.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, म्हणजे १९१९ ते १९३९ या एकवीस हंगामांत, इंग्लंडमध्ये अशी नोकरी करणारे शेकडो खेळाडू होऊन गेले. त्यांच्यापैकी एखाद्याची कारकीर्द मराठीत लिहावी असे ज्याला वाटत असेल, त्याच्यासाठी हे टिपण आहे. माझा आग्रह एकच आहे आणि तो सुरुवातीलाच सांगतो : कारकीर्द म्हणजे हंगामांची रांग असते, शेवटी छापलेली सरासरी नव्हे. सरासरी सगळ्यात शेवटी वाचावी; आधी वाचली की ती पुढचे सगळे वाचन बिघडवते.

आधी त्या नोकरीचे स्वरूप समजून घ्या. १९२१ मध्ये ग्लॅमॉर्गनचा प्रवेश झाल्यावर काउंटी स्पर्धेत सतरा संघ झाले. हंगाम मे महिन्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत चाले. सामना तीन दिवसांचा असे आणि रविवारी खेळ नसे, त्यामुळे एका आठवड्यात दोन सामने बसत. एक सामना संपला की सामान बांधायचे, संध्याकाळची आगगाडी पकडायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परक्या गावी पुन्हा मैदानात उतरायचे. एखाद्या गोलंदाजाने जुलै महिन्यात एका डावात तीस षटके टाकली असे आपण वाचतो, तेव्हा आदल्याच दिवशी दुसऱ्या गावी त्याने आणखी पंचवीस टाकली होती का, हे पाहिल्याशिवाय त्या तिसांचा अर्थ लागत नाही. संघही सारखेच सामने खेळत नसत. १९२९ ते १९३२ या काळात प्रत्येक काउंटीला २८ सामने ठरवून दिले होते. एरवी कुणी कमी, कुणी जास्त खेळे आणि गुणतक्त्यातला क्रम टक्केवारीवर ठरे. म्हणून ‘त्याने त्या वर्षी शंभर बळी घेतले’ एवढ्यावर थांबू नका. ते किती सामन्यांत घेतले, हे शेजारी लिहा.

खेळाडू निवडताना कसोटी सामन्यांच्या यादीकडे जाऊ नका. केंटचा लेगस्पिनर टिच फ्रीमन याने १९२८ च्या एका हंगामात ३०४ बळी घेतले आणि कारकिर्दीत ३,७७६. त्याच्या वाट्याला कसोटी सामने आले फक्त १२. हॅम्पशायरच्या फिल मीडने ५५,०६१ धावा केल्या आणि तो १७ कसोटी सामने खेळला. कसोटीच्या खिडकीतून पाहिले तर ही दोन्ही माणसे बारीक दिसतात. काउंटीच्या अंगणात उभे राहिले की ती डोंगराएवढी दिसू लागतात. पहिल्यांदाच लिहिणाऱ्याने जॅक हॉब्ससारखा महापुरुषही घेऊ नये, कारण त्याच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की आपण नकळत दुसऱ्यांचीच वाक्ये पुन्हा लिहू लागतो. मधल्या दर्जाचा, आपल्या काउंटीत लाडका, पण बाहेर विसरला गेलेला खेळाडू घ्यावा.

मी यॉर्कशायरचा रॉय किल्नर निवडला होता. डावखुरा फलंदाज आणि डाव्या हाताचा मंदगती गोलंदाज; १९११ ते १९२७ इतकी कारकीर्द, त्यात युद्धाने गिळलेली चार वर्षे, आणि ९ कसोटी सामने. त्याच्या आयुष्याचा शेवट आपल्या देशाशी जोडलेला आहे. त्याविषयी योग्य ठिकाणी सांगेन.

नावांची शहानिशा

निवड झाली की पहिले काम नावाचे. हे काम किरकोळ वाटते, म्हणूनच इथे सर्वांत मोठ्या चुका होतात. काही वर्षांपूर्वी इंदुरातल्या एका गणेशोत्सवात मी किल्नरवर व्याख्यान दिले आणि त्यात एका मोसमाच्या धावा सांगताना त्याचा धाकटा भाऊ नॉर्मन किल्नर याच्या धावा त्याच्या नावावर मांडल्या. नॉर्मनही आधी यॉर्कशायरकडून आणि नंतर बरीच वर्षे वॉरिकशायरकडून खेळला होता. व्याख्यान संपल्यावर पहिल्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ जवळ आले आणि अतिशय सौम्यपणे म्हणाले, “अहो, हे आकडे दोघांचे आहेत.” त्या दिवसापासून मी कुठलाही आकडा उतरवण्याआधी त्या काउंटीत त्याच आडनावाचा दुसरा खेळाडू होता का, हे पाहतो. आणि तो बहुधा असतोच. नॉटिंगहॅमशायरकडे आर्थर आणि सॅम असे दोन स्टेपल्स बंधू होते. ससेक्सकडे जॉन आणि जेम्स हे लँग्रिज बंधू होते, दोघांचेही आद्याक्षर एकच, म्हणून धावफलकात एकाचे नाव थोडे लांबवून छापावे लागे. नॉटिंगहॅमशायरच्या जॉर्ज गनने आणि त्याच्या मुलाने तर १९३१ मध्ये वॉरिकशायरविरुद्ध एकाच डावात शतके ठोकली.

नावाचा दुसरा फसवा प्रकार किल्नरच्याच आयुष्यात भेटतो. त्याचा संघसहकारी आणि मित्र मेजर बूथ. मराठीत लिहिताना कुणीही ‘मेजर बूथ हा सैन्यातला अधिकारी’ असे सहज लिहून जाईल. पण मेजर हे त्याचे पाळण्यातले नाव होते. सैन्यात तो सेकंड लेफ्टनंट होता आणि १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी मारला गेला.

नावे कशी छापली आहेत, याकडेही नजर ठेवा, कारण त्या छपाईत त्या काळची समाजरचना दिसते. तेव्हा खेळाडूंचे दोन वर्ग होते. पैसे न घेता खेळणारे ते हौशी आणि पगारावर खेळणारे ते व्यावसायिक. हौशी खेळाडूच्या नावाआधी आद्याक्षरे किंवा ‘मिस्टर’ लागे. व्यावसायिकाचे आडनाव आधी येई किंवा एकटेच छापले जाई. अनेक मैदानांवर दोघांच्या खोल्या वेगळ्या असत आणि मैदानात उतरायची दारेही वेगळी असत. कर्णधार हौशीच असावा, हा जवळपास नियम होता. १९३५ मध्ये लेस्टरशायरने यूअर्ट ॲस्टिल या व्यावसायिकाकडे पूर्ण हंगामाचे कर्णधारपद सोपवले, ही मोठी घटना मानली गेली. हा भेद १९६२ पर्यंत टिकला. मराठीत लिहिताना इथे एक भाषिक काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे ‘हौशी’ म्हटले की कच्चा खेळाडू डोळ्यांपुढे येतो आणि ‘धंदेवाईक’ म्हटले की शब्दाला नकोसा वास येतो. तिथे हौशी म्हणजे बहुधा शिकलेल्या, सुखवस्तू घरातला माणूस. त्याच्या खेळाच्या दर्जाशी त्या शब्दाचा संबंध नव्हता. मी ‘हौशी’ आणि ‘व्यावसायिक’ हे शब्द वापरतो आणि लेखाच्या सुरुवातीलाच त्यांचा अर्थ दोन ओळींत सांगून टाकतो.

हंगामांची वही

आता एक जाड वही घ्या आणि प्रत्येक हंगामाला एक ओळ द्या. सामने, डाव, नाबाद, धावा, शतके, षटके, बळी, झेल एवढे रकाने पुरतात. युद्धाच्या वर्षांच्या ओळी गाळू नका, त्या कोऱ्या ठेवा. किल्नरच्या वहीत १९१४ नंतर चार ओळी कोऱ्या आहेत, आणि त्या पाहिल्या की १९१९ मध्ये परतणाऱ्या माणसाचे वय अठ्ठावीस झालेले आहे, हे आपोआप ध्यानात येते. युद्धापूर्वी तो मुख्यतः फलंदाज होता. बूथ युद्धात गेला, दुसरा गोलंदाज अलोन्झो ड्रेक १९१९ च्या आरंभी वारला आणि यॉर्कशायरच्या गोलंदाजीला खिंडार पडले. त्या पोकळीत किल्नर गोलंदाज म्हणून वाढला. १९२२ मध्ये त्याने एकाच हंगामात हजार धावा आणि शंभर बळी पूर्ण केले आणि पुढे आणखी तीनदा हे साधले. केवळ शेवटची बेरीज पाहणाऱ्याला ‘१४,७०७ धावा आणि १,००३ बळी’ एवढेच दिसते. तिशी ओलांडल्यावर एक माणूस नवा खेळ शिकला, ही गोष्ट फक्त ओळींच्या रांगेत दिसते.

वहीच्या समासात नियमांचे बदल लिहून ठेवा. हे बदल ठाऊक नसतील तर १९२५ चे आकडे १९३६ च्या आकड्यांशेजारी ठेवणे म्हणजे शेर आणि किलो एकाच तागडीत घालणे होय. १९१९ मध्ये काउंटी सामने प्रयोगादाखल दोन दिवसांचे केले होते. प्रयोग फसला आणि पुढच्या वर्षी तीन दिवस परत आले. १९२७ मध्ये चेंडू किंचित लहान झाला. १९३१ मध्ये यष्ट्या एक इंच उंच आणि एक इंच रुंद झाल्या. १९३५ मध्ये पायचीतचा नियम बदलला : तोपर्यंत चेंडूचा टप्पा यष्ट्यांच्या रेषेत पडणे आवश्यक होते, आता ऑफ यष्टीबाहेर टप्पा पडून आत येणाऱ्या चेंडूवरही फलंदाज पायचीत होऊ लागला. आधी प्रयोग म्हणून आलेला हा नियम १९३७ मध्ये कायम झाला. आणि १९३९ मध्ये इंग्लंडात षटक आठ चेंडूंचे होते, त्यामुळे त्या एका हंगामातली षटके इतर वर्षांशी ताडताना चेंडूंत मोजावी लागतात.

इथेच वार्षिकाविषयी एक सूचना. विस्डेन या इंग्लंडच्या क्रिकेट वार्षिकाचा अंक हंगाम सुरू होण्याआधी निघतो आणि त्यात आदल्या वर्षाचा वृत्तांत असतो. विस्डेन दरवर्षी पाच क्रिकेटपटूंचा गौरव करते. किल्नरची निवड १९२४ च्या अंकातल्या पाचांत झाली, ती १९२३ च्या खेळासाठी. आपले सी. के. १९३३ च्या अंकातल्या पाचांत आहेत, ते १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी. हे वर्ष चुकले की पुढची सगळी कालगणना एकेका वर्षाने सरकते, आणि ही चूक मी छापील पुस्तकांतही पाहिली आहे.

आकडे दोन ठिकाणी वेगळे दिसले तर घाबरू नये आणि त्यांतला सोयीचा आकडाही उचलू नये. हॉब्सची शतके कुठे १९७ लिहिलेली असतात, तर कुठे १९९. दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत. १९३०–३१ च्या हिवाळ्यात विजयनगरमच्या महाराजकुमारांच्या संघाबरोबर हॉब्स भारत आणि सिलोनमध्ये खेळला. त्या दौऱ्यातले सामने प्रथम श्रेणीचे मानायचे की नाही, यावर संख्याशास्त्रज्ञांत एकमत नाही. त्यामुळेच त्याच्या धावाही कुठे ६१,२३७ तर कुठे ६१,७६० असतात. आपण कोणती गणना स्वीकारली ते एकदा सांगावे आणि शेवटपर्यंत तीच पाळावी.

एक धावफलक जवळून

लेखाचा कणा ओळींचा असला, तरी त्याला रक्तमांस धावफलकातून मिळते. प्रत्येक हंगामातून एखादा सामना निवडा आणि त्याचा पूर्ण धावफलक हाताने उतरवून काढा. हाताने उतरवण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो. छायाप्रतीकडे डोळा जातो, पण लिहिताना बोट प्रत्येक नावावर थांबते.

नमुना म्हणून १२ जुलै १९३२, लीड्सचे हेडिंग्ली मैदान, यॉर्कशायरविरुद्ध नॉटिंगहॅमशायर हा सामना घ्या. यॉर्कशायरचा फिरकी गोलंदाज हेडली व्हेरिटी याने या दिवशी १० धावांत १० बळी घेतले. विक्रमांच्या यादीत एवढेच असते. आता फलक उघडा. नॉटिंगहॅमशायरच्या पहिल्या डावात २३४ धावा. यॉर्कशायरने ९ बाद १६३ वर डाव घोषित केला, म्हणजे पिछाडीवर असताना. असे कुणी का करील? कारण पाऊस पडून गेला होता. त्या काळी खेळपट्ट्या झाकलेल्या नसत. भिजलेली खेळपट्टी उन्हाने सुकू लागली की चेंडू कधी उसळे, कधी थबके आणि फिरकी गोलंदाजाच्या हाती जणू यंत्र येई. कर्णधाराला ती खेळपट्टी हवी होती. मग दुसरा डाव पाहा. दोन्ही सलामीवीर कीटन आणि शिपस्टन प्रत्येकी २१, त्यानंतर वॉकर ११, आर्थर स्टेपल्स ७, लिली नाबाद ३ आणि उरलेले सहाही जण शून्यावर. अवांतर ४, एकूण ६७. उपाहाराला बिनबाद ३८ धावा झाल्या होत्या आणि जो काही प्रलय झाला तो जेवणानंतर झाला.

पण खरी गोष्ट ‘बाद कसा’ या रकान्यात आहे. दहापैकी आठ जण झेलबाद, एक पायचीत, एक यष्टीचीत. त्रिफळाचीत एकही नाही. झेल कुणी घेतले? मकॉलेने तीन, होम्सने दोन, बार्बर, सटक्लिफ आणि यष्टिरक्षक वूड यांनी एकेक. वूडने यष्टीचीतही केले. म्हणजे चेंडू टप्पा पडून उसळत आणि वळत होता, बॅटीची कड घेत होता आणि बॅटीभोवती उभ्या असलेल्या माणसांच्या हातांत जात होता. १९.४ षटके, त्यांपैकी १६ निर्धाव. दहाच्या दहा धावा उरलेल्या मोजक्या षटकांत गेल्या. गोलंदाजाने यष्ट्या उडवल्या नाहीत, त्याने फलंदाजांना चुकीच्या जागी बॅट आणायला लावली, आणि हे काम त्याच्याइतकेच जवळच्या क्षेत्ररक्षकांचेही होते. मग शेवटची ओळ वाचा : ज्या खेळपट्टीवर नॉटिंगहॅमशायर ६७ वर संपले, तिच्यावर होम्स आणि सटक्लिफ या जोडीने जिंकायला लागणाऱ्या १३९ धावा एकही गडी न गमावता काढल्या. या ओळीवर मी बराच वेळ थांबलो होतो. खेळपट्टी इतकी वाईट होती, तर हे कसे? खेळपट्टीचा वाटा किती आणि व्हेरिटीचा किती, हा प्रश्न या ओळीशिवाय उभाच राहत नाही, आणि विक्रमाच्या यादीत ही ओळ कधीच नसते.

पैशाची बाजू

ज्याच्याविषयी आपण लिहितो आहोत तो माणूस पोटासाठी खेळत होता. नॉटिंगहॅमशायरचा हॅरल्ड लारवूड लहान वयात कोळशाच्या खाणीत कामाला लागला होता. काउंटीने घेतले म्हणजे जमिनीखालून सुटका झाली, असा त्या नोकरीचा अर्थ होता. काउंटीची टोपी मिळणे हा मानाचा भाग होताच, पण तिच्याबरोबर नोकरीची स्थिरता आणि वाढीव मोबदला येई. हिवाळ्याचे महिने हा मोठा प्रश्न असे. यॉर्कशायरसारख्या काउंट्या हिवाळ्यातही थोडे वेतन देत. इतर ठिकाणचे खेळाडू कारखान्यात, दुकानात, खाणीत जात. मिडलसेक्सचा पॅट्सी हेंड्रन व्यावसायिक फुटबॉल खेळे. काही जण दक्षिण आफ्रिकेत किंवा आपल्याकडच्या संस्थानिकांकडे प्रशिक्षक म्हणून जात. म्हणून प्रत्येक दोन हंगामांच्या मध्ये वहीत अर्धी ओळ हिवाळ्यासाठी सोडा.

दीर्घ सेवेनंतर खेळाडूला एक ‘बेनिफिट’ सामना मिळे. त्या सामन्याचे उत्पन्न आणि गोळा होणारी वर्गणी त्याची. हाच त्याचा भविष्यनिर्वाह निधी. पाऊस पडला तर तिकिटे खपत नसत आणि खर्च मात्र त्यालाच सोसावा लागे, त्यामुळे वीस वर्षांच्या घामाचे मोल तीन दिवसांच्या आभाळावर ठरे. या रकमेवर आयकर लागतो का, हा वाद केंटच्या जेम्स सीमोरच्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १९२७ मध्ये निकाल खेळाडूच्या बाजूने लागला : ही लोकांनी प्रेमाने दिलेली देणगी आहे, पगार नाही. किल्नरचा बेनिफिट १९२५ मध्ये झाला आणि ४,००० पौंडांहून अधिक जमले. दुसऱ्या महायुद्धानंतरपर्यंत हा विक्रम मोडला नाही. अशा वेळी आजच्या रुपयांत रूपांतर करून वाचकाला चकित करण्याचा मोह टाळा. त्याच काळातल्या त्याच गावातल्या खाणकामगाराची आठवड्याची मजुरी शोधा आणि शेजारी लिहा. शिवाय सगळी रक्कम हातात पडत नसे, हेही सांगा : जुने कर्णधार लॉर्ड हॉक यांच्या काळापासून यॉर्कशायर बेनिफिटचा दोन तृतीयांश भाग स्वतःकडे गुंतवून ठेवी आणि खेळाडूला त्यावरचे व्याज देई.

इंदुरात बसून हे सगळे मिळवता येते का, असे मला नेहमी विचारले जाते. येते. धावफलक क्रिकेटच्या मोठ्या संकेतस्थळांवर आहेत. काही फुकट, काही वर्गणी भरून. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची जुनी वृत्तपत्रे ‘ट्रोव्ह’ आणि ‘पेपर्स पास्ट’ या संग्रहांत विनामूल्य वाचता येतात आणि इंग्लंडातल्या बातम्या त्यांतही छापून येत असत. ब्रिटिश वृत्तपत्रांच्या संग्रहाला पैसे पडतात. म्हणून आधी तारखांची यादी करा आणि एक महिन्याची वर्गणी घेऊन सगळे एकदम उतरवा. २९ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनमध्ये घरोघरची नोंद झाली होती, तीत माणसाचा व्यवसाय लिहिलेला आहे. खेळ थांबल्यावर खेळाडूने स्वतःचा धंदा काय सांगितला, हे वाचताना मन हलते. युद्धात गेलेल्यांच्या नोंदी युद्धस्मशानांच्या आयोगाकडे आहेत.

एक काम मात्र आपण इथून अधिक चांगले करू शकतो. आपल्या स्मरणातला सामना पलीकडच्या बाजूने वाचायचा. १ डिसेंबर १९२६ रोजी बॉम्बे जिमखान्यावर सी. के. नायडूंनी इंग्लंडहून आलेल्या गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध अकरा षटकारांसह १५३ धावा केल्या, ही हकीकत इंदुरात पाठ आहे. त्या दौऱ्यावर आलेले ससेक्सचा मॉरिस टेट, लेस्टरशायरचे ॲस्टिल आणि जॉर्ज गियरी हे काउंटीचे नोकर होते. त्यांच्यासाठी तो हिवाळ्याचा रोजगार होता : भारत, ब्रह्मदेश, सिलोन, महिनोन्‌महिने आगगाडी आणि सामन्यांमागून सामने. टेटने त्या दौऱ्यात हजार धावा आणि शंभर बळी दोन्ही पूर्ण केले. नायडूंच्या षटकारांचे वर्णन आपण पुष्कळ केले; ते षटकार झेललेल्या माणसांनी इंग्लंडात मे महिना उजाडताच पुन्हा चेंडू हातात घेतला, हे लिहिणारा मराठी माणूस अजून व्हायचा आहे.

शेवट कसा लिहावा

कारकीर्द कुठे संपते, याचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा लागतो, कारण आकड्यांचा शेवट आणि माणसाचा शेवट एका ठिकाणी नसतो. व्हेरिटीचा अखेरचा काउंटी सामना १ सप्टेंबर १९३९ रोजी होव्ह येथे संपला. ससेक्सविरुद्ध त्याने ९ धावांत ७ बळी घेतले. दोन दिवसांनी ब्रिटन युद्धात उतरले. ग्रीन हॉवर्ड्स पलटणीचा कॅप्टन म्हणून तो काही काळ राँचीला होता, तिथे आमांशाने बेजार झाला, आणि पुढे सिसिलीत जखमी होऊन ३१ जुलै १९४३ रोजी इटलीत कॅसेर्टा येथे वारला. १,९५६ बळी, सरासरी १४.९०. हा आकडा आता, या ठिकाणी वाचायचा.

आणि किल्नर. १९२७ चा हंगाम संपल्यावर तो हिवाळ्यासाठी पतियाळाला प्रशिक्षक म्हणून आला, जसे त्याच्या धंद्यातले अनेक जण येत. परतीच्या बोटीवर त्याला ताप भरला. तो विषमज्वर होता. ५ एप्रिल १९२८ रोजी बार्न्स्लीच्या रुग्णालयात वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो गेला. हंगाम सुरू व्हायला तेव्हा महिनाही उरला नव्हता. त्याच्या अंत्ययात्रेला खाणकामगारांच्या त्या मुलखात लाखाच्या वर माणसे रस्त्यांवर उभी होती. कुठल्याही तक्त्यात त्याची शेवटची ओळ १९२७ ची असते. आपल्या वहीत १९२८ ची ओळही आखा, सगळे रकाने कोरे ठेवा आणि तिच्या आधीच्या हिवाळ्याच्या अर्ध्या ओळीत ‘पतियाळा’ एवढेच लिहा.